घर मोजले, गोठा कोणी मोजायचा?

(द्वितीय वर्ष, कला)

‘घर’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशात एका ओळीत सापडतो. पण आपल्या बोलण्यात हा शब्द एकटा फारसा येत नाही. आपण ‘घरदार’ म्हणतो, ‘घरसंसार’ म्हणतो. गावाकडची दोन माणसे बाजाराच्या दिवशी भेटली की ‘पोरेबाळे बरी आहेत ना?’ या प्रश्नाच्या पाठोपाठ ‘गुरेढोरे कशी आहेत?’ हा प्रश्न आलाच म्हणून समजावे. विचारणाऱ्याला त्यात काही वेगळे वाटत नाही. ज्याच्या दाराशी गुरे त्याचेच घर भरलेले, अशी त्याची समजूत असते.

मराठीच्या तासाला व्युत्पत्ती शिकताना मला मोठी गंमत वाटली. आपला ‘गोठा’ हा शब्द संस्कृतातील ‘गोष्ठ’ या शब्दापासून आला. गोष्ठ म्हणजे गाई उभ्या राहतात ती जागा. त्याच शब्दावरून ‘गोष्ठी’ म्हणजे मंडळी जमून केलेले बोलणे, आणि त्या गोष्ठीवरून आपली ‘गोष्ट’! लग्न जमवताना वडीलधारी माणसे जे ‘गोत्र’ विचारतात, त्याचाही वेदकाळातील अर्थ गाईंचा गोठा असाच सांगतात. आणि लग्नाचा गोरज मुहूर्त म्हणजे तरी काय? गुरे रानातून परत येताना त्यांच्या खुरांनी धूळ उडते ती वेळ. म्हणजे आपली गोष्ट, आपले कूळ आणि आपले लग्न ही तिन्ही गोठ्याशी बांधलेली आहेत. मात्र आज घर बांधायचे ठरले की कागदावर जो नकाशा येतो, त्यात गोठा कुठेच नसतो. या लेखात मला जे सांगायचे आहे ते एवढेच की, ग्रामीण भागात घराचे माप घेताना गोठ्याचे मापही घेतले पाहिजे. तसे न केल्याने गरीब शेतकऱ्याचे जे नुकसान होते, ते घराच्या चार पक्क्या भिंतींनी भरून निघत नाही.

प्रथम आपल्याच भागातील घरांकडे पाहू. आपला पालघर तालुका रेल्वेच्या रुळांनी दोन भागांत विभागला आहे. रुळांच्या पश्चिमेला बंदरपट्टी. केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर या गावांतील जुनी घरे वाडीत असत. पुढे ओटा, मागे विहीर, सभोवार नारळी-पोफळी, पानवेली, आणि वाडीच्या एका कोपऱ्याला गोठा. रहाटाला जुंपायला बैल किंवा रेडा लागे आणि वाडीला खत लागे. म्हणून गोठा वाडीतच. सातपाटीसारख्या कोळ्यांच्या गावात गोठ्याची गरज नव्हती, पण तिथेही घर म्हणजे नुसते घर नव्हते. मासळी सुकवायची जागा आणि जाळी पसरायची जागा त्यातच धरलेली असे. तात्पर्य, माणूस ज्यावर जगतो त्याची जागा त्याच्या घराला जोडलेली असे.

रुळांच्या पूर्वेला चित्र निराळे आहे. बोईसरच्या पूर्वेकडचे पाडे, मासवण, मनोर आणि पुढे विक्रमगड-जव्हारचा डोंगराळ मुलूख. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला विखुरलेली वस्ती म्हणतात ती इथे आहे. एक घर या टेकाडावर, तर दुसरे ओहोळापलीकडे. हे घर कुडाचे. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेण, माती आणि भाताचे तूस कालवून लिंपायचे. कारवी ही सात वर्षांनी एकदा फुलणारी झुडुपे. फुलून वाळली की काठी तोडायची. वर पेंढ्याचे, गवताचे किंवा पुढे ऐपत आली तर कौलाचे छप्पर. आत एका बाजूला चूल, मध्ये भाताची कणगी, वर माळा, आणि एका अंगाला किंवा पडवीला लागून गुरांची जागा. अंगणात चार खांबांवर मांडव, मांडवावर पेंढा रचलेला, मांडवाखाली दुपारची सावली. शेळ्या पडवीत, कोंबड्या डालीखाली. सभोवार काट्याकुट्यांचे कुंपण.

शहरातून आलेल्या पाहुण्याला यात नुसती दाटी दिसते. पण जरा बारकाईने पाहिले तर इथली प्रत्येक वस्तू दुसरीच्या उपयोगी पडताना दिसते. आपल्याकडे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिने गुरे उघड्यावर ठेवता येत नाहीत आणि ओल्या रानातून दूरच्या गोठ्यात रात्री-बेरात्री जाताही येत नाही. म्हणून गोठा घराच्याच छपराखाली. मांडवावरचा पेंढा हाताशी, म्हणून गव्हाण रिकामी राहत नाही. चुलीचा धूर गोठ्यात शिरतो, त्याने गोचीड आणि डास कमी होतात, आणि वर छपराच्या वाशांना कीडही लागत नाही. सकाळी काढलेले शेण तीन ठिकाणी जाते: थोडे जमीन सारवायला, थोडे भिंत लिंपायला, उरलेले उकिरड्यावर. आणि उन्हाळ्याच्या अखेरीस त्याच शेणाचा राब होतो. ज्यांना राब ठाऊक नाही अशा वाचकांसाठी सांगते. भाताची रोपे ज्या तुकड्यात करायची तिथे शेण, पालापाचोळा, गवत व काटक्यांचे थर देऊन वर बारीक माती पसरतात आणि ते पेटवतात. त्याने तणाचे बी जळते, राख खताच्या कामी येते आणि रोपे जोमदार उठतात. म्हणजे गोठा नसेल तर राब नाही. राब नसेल तर रोपासाठी दुकानातील खत विकत आणणे आले.

वारली चित्रांबद्दल अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली ‘पद्मश्री’ मिळाली, आणि २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. ही आपल्या जिल्ह्याला अभिमानाची गोष्ट आहे. पण हे चित्र मूळचे कागदावरचे किंवा कापडावरचे नव्हे. लग्नात सुवासिनी जो चौक लिहितात, तो शेणाने सारवून गेरू दिलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने लिहितात. ती भिंत त्या घरच्या गोठ्यातूनच आलेली असते. आज मुंबईच्या प्रदर्शनात चित्र विकत मिळते, आणि पाड्यातली नवी सिमेंटची भिंत मात्र कोरी आहे. दिवाळीच्या तोंडावर आपल्याकडे वाघबारस येते. त्या दिवशी वाघोबाला नैवेद्य दाखवून आमच्या गुरांना सांभाळ म्हणून मागणे मागतात. गुरेच नसतील तर उद्याच्या पोरांनी वाघोबाकडे काय मागायचे?

तरीही एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केली पाहिजे. जुने ते सर्व सोन्यासारखे होते असे माझे म्हणणे मुळीच नाही. प्रत्येकाच्या दारी बैलजोडी होती असेही नाही. पूर्वी आपल्या भागात गोठा असणे हीच श्रीमंती होती, आणि ती बहुतेक सावकार-जमीनदारांकडे होती. कातकरी कुटुंबांकडे तर ना जमीन होती ना गुरे. मुंबईच्या तबेल्यांतील म्हशींना आणि गाड्यांच्या घोड्यांना लागणारे गवत ठाणे जिल्ह्याच्या याच रानांतून जाई. ते कापणारे हात वारल्यांचे आणि पैसा व्यापाऱ्यांचा. १९४५ साली किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी जो लढा दिला, त्यात एक मुख्य मागणी गवतकापणीच्या मजुरीची होती. पाचशे पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये मिळावेत, एवढेच त्यांचे मागणे! १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि पाच जण प्राणास मुकले. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात या काळातील वेठबिगारीची हकिगत आहे. हे पुस्तक आपल्या ग्रंथालयात मिळाल्यास प्रत्येकाने वाचावे असे मला वाटते.

म्हणजे एक काळ असा होता की आमच्या वाडवडिलांनी दुसऱ्याच्या गोठ्यातील शेण काढले, दुसऱ्याच्या गुरांसाठी गवत कापले आणि स्वतः रिकाम्या अंगणात झोपले. पुढे १९४८ चा कुळकायदा आला. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि कसणाऱ्याच्या नावावर जमीन चढू लागली. जमीन आली तेव्हा बैल आले, बैल आले तेव्हा गोठा आला. आमच्या घरी आजा आजही सांगतो की त्याच्या बापाने आधी गोठा बांधला आणि मग घराला दुसरी खोली काढली. मला लहानपणी हे उलटे वाटे. आता वाटते की त्या माणसाने बरोबर केले. कारण ज्याचे बैल त्याचे, त्याची पेरणी त्याच्या वेळेवर. ज्याला बैल मागून आणावे लागतात, त्याच्या शेताला पाऊस पडूनही वाट पाहावी लागते. म्हणून मी म्हणते की गोठा ही आमच्या आठवणीची वस्तू नाही, तो आमच्या मालकीचा पुरावा आहे.

आता आजच्या परिस्थितीकडे वळू. २०१६ साली ग्रामीण भागासाठी प्रधानमंत्री आवास योजना सुरू झाली. तीत घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरले आणि सपाट प्रदेशात १ लाख २० हजार, तर डोंगराळ व दुर्गम प्रदेशात १ लाख ३० हजार रुपये साहाय्य ठरले. या योजनेने कित्येक कुटुंबांच्या डोक्यावर पक्के छप्पर आले हे कोणी नाकारणार नाही. ज्याने श्रावणात गळक्या छपराखाली भांडी मांडून रात्र काढली आहे, तो पक्क्या घराला नावे ठेवणार नाही. आमच्या घरीही घरकुल आले, आणि त्या दिवशी आई रडली ती आनंदानेच.

पण आखणी करायला जे गृहस्थ आले, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “यातली रिकामी जागा कुठली?” आमच्या हक्काची जागा ती केवढी! पुढे वाट, मागे दुसऱ्याचे शेत, बाजूला वनखात्याची हद्द. रिकामी म्हणता येईल अशी एकच जागा होती, ती म्हणजे गोठा. त्यात दोन बैल उभे होते. तरी कागदावर ती रिकामीच ठरली. हप्त्याची मुदत चुकू नये म्हणून बाबांनी मान हलवली. गोठा मोडला, घर उभे राहिले आणि बैल आंब्याखाली आले. पहिल्या पावसाळ्यात ताडपत्री बांधून पाहिली, ती वाऱ्याने फाटली. दुसऱ्या पावसाळ्याच्या आधी बाबा म्हणाले, “जोडी विकू.” आजा म्हणाला, “मग नांगराला मला जुंप.” त्या रात्री आमच्याकडे कोणी जेवले नाही. शेवटी धाकटा बैल नात्यातल्या एका शेतकऱ्याने नेला. थोरला म्हातारा, त्याला कोण घेणार? तो अजून आंब्याखाली आहे. एका बैलाने नांगर चालत नाही, म्हणून गेल्या वर्षी आम्ही ट्रॅक्टर तासाच्या भावाने घेतला. तोही आमच्या पाळीला आला तेव्हा लावणीचे आठ दिवस उलटून गेले होते. घर आम्हांला मिळाले, पण पेरणीची वेळ आमच्या हातची गेली.

ही एका घराची कथा असती तर मी लिहिली नसती. पाड्यापाड्यांतून हेच चालले आहे. देशाच्या पशुगणनेचे आकडे पाहिले तरी तेच दिसते. २०१२ साली देशात बैल, वळू व गोऱ्हे मिळून सुमारे ६ कोटी ७९ लाख नर जनावरे होती. २०१९ च्या विसाव्या गणनेत ती सुमारे ४ कोटी ७४ लाख भरली. याच काळात गाईंची संख्या मात्र वाढली. अर्थात याला गोठा मोडणे हे एकच कारण नाही. ट्रॅक्टर आले, शेताचे तुकडे झाले, तरुण मुले कारखान्यात गेली. बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत उभी राहिल्यापासून आमच्याकडच्या माणसांना बारा महिने काम दिसू लागले. पाळीला जाणाऱ्या माणसाला गुरांमागे जायला वेळ कुठला? पण ठेकेदाराचे काम आज आहे, उद्या नाही. काम सुटले की माणूस पुन्हा शेताकडे येतो, आणि तेव्हा बैल नसतात.

इथे आणखी एक विसंगती दाखवावीशी वाटते. आपल्या राज्यात १९७६ च्या कायद्याने गाईच्या हत्येला बंदी होती. मार्च २०१५ पासून ती बैल व वळू यांनाही लागू झाली. या कायद्याच्या बऱ्या-वाईटाची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु एक कायदा म्हणतो की म्हातारा बैल जगलाच पाहिजे, आणि दुसरी योजना त्याच बैलाच्या उभे राहण्याच्या जागेवर पाया खणते! तो जगायचा कुठे, याचे उत्तर मात्र कोणाच्याच कागदावर नाही.

शासनाला गोठा ठाऊक नाही असे म्हणावे तर तसेही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्य शासनाने रोजगार हमीच्या कामांची जोड देऊन ग्रामसमृद्धीची एक योजना जाहीर केली. तीत दोन ते सहा गुरांच्या पक्क्या गोठ्यासाठी ७७ हजार १८८ रुपये ठरवले होते. गोठ्याचे मापही दिले होते: लांबी ७.७ मीटर, रुंदी ३.५ मीटर. वाचकहो, गुणाकार करून पाहा! हे क्षेत्र २६.९५ चौरस मीटर होते. म्हणजे गुरांना सरकारी मापाने जी जागा लागते, ती माणसांच्या घराच्या किमान मापापेक्षा जवळजवळ दोन चौरस मीटर जास्तच आहे. याचा अर्थ ज्याने हे माप काढले त्याला गुरांची गरज नीट समजली होती. मग अडले कुठे? अडले ते असे की, घराचा कागद एका टेबलावर आणि गोठ्याचा कागद दुसऱ्या टेबलावर. दोन्ही कागदांना जागा मात्र एकच, आणि ती पहिल्या कागदाने खाल्लेली. ज्याला स्वतःची मोकळी जागा आहे त्याला घर आणि गोठा दोन्ही मिळू शकतात; ज्याला नाही त्याला एकाच्या बदल्यात दुसरे द्यावे लागते.

काही पाड्यांत एक दृश्य हमखास दिसते. पक्के घरकुल उभे आहे आणि त्याला खेटून जुने कुडाचे घर तसेच आहे. माणसे नव्यात झोपतात. भात, चूल आणि गुरे जुन्यात. बाहेरची मंडळी हसतात, “यांना पक्क्या घरात राहता येत नाही.” मला वाटते, हसण्यासारखे यात काही नाही. नकाशात जे राहून गेले ते त्या माणसांनी आपल्या हाताने पुरे केले आहे. ज्यांच्याकडे जागा होती त्यांनीच, एवढेच दुःख.

एखाद्या घरापुरता हा प्रश्न असतो तेव्हा तो लहान वाटतो. गावच्या गाव उठते तेव्हा तो केवढा होतो, हे आपल्या तालुक्याने पाहिले आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. पुढे तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. त्या भट्ट्या २००५ आणि २००६ साली वीज देऊ लागल्या. विस्थापितांच्या नव्या वसाहतींना गावांची जुनीच नावे मिळाली, आणि पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. रांगेने आखलेल्या वसाहतीत घराला क्रमांक मिळतो, रस्ता मिळतो, विजेचा खांब मिळतो. परंतु वाडी, खळे, चराऊ रान आणि गोठा मिळून जे घर होते, ते अशा आखणीत मावणे कठीण. मुंबईच्या दुधासाठीही आपल्या जिल्ह्याने जमीन दिली आहे. १९४९ साली मुंबईचे तबेले गोरेगावला आरे वसाहतीत हलवण्यास सुरुवात झाली. त्यानंतर १९६० च्या दशकात आपल्या दापचरीला मोठा दुग्धप्रकल्प निघाला. शहराच्या म्हशींसाठी आदिवासी मुलखातील जमीन घेतली, आणि पुढे तो प्रकल्पही ओस पडत गेला. शहराच्या गोठ्यासाठी जमीन सापडते. तर गावच्या गोठ्यासाठी का सापडू नये?

याबाबतीत कायदा मात्र पुढे गेला आहे. २०१३ च्या भूसंपादन व पुनर्वसन कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, ज्या बाधित कुटुंबाकडे गुरे आहेत त्याला गोठा बांधण्यासाठी किमान २५ हजार रुपये द्यावेत असे म्हटले आहे. तिसऱ्या अनुसूचीत नव्या वसाहतीत गुरांच्या पिण्याच्या पाण्याची आणि चराऊ जमिनीची सोय सांगितली आहे. हे कलम ज्याने लिहिले त्याला माझा नमस्कार! पण आमच्यापैकी किती जणांच्या घरी हे माहीत आहे? आज आपल्या जिल्ह्यातून बुलेट ट्रेनचा मार्ग चालला आहे आणि बोईसरला तिचे स्थानक व्हायचे आहे. मालगाड्यांचा वेगळा मार्ग आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आहेत. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराचे भूमिपूजन पालघरला झाले. त्याच्या रस्त्यालाही जमीन लागणार. यांतले प्रत्येक काम चांगले की वाईट हे मी एका लेखात ठरवू शकत नाही. मोजणीला माणसे येतील तेव्हा ती घर मोजतील, झाडे मोजतील. त्या वेळी “साहेब, गोठाही लिहा” असे सांगणारा कोणीतरी प्रत्येक घरात हवा, एवढे मात्र मी नक्की म्हणेन.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप आरोग्याचा. माणसे आणि गुरे एका छपराखाली राहिली तर रोगराई होते, म्हणून गोठा घरापासून दूर हवा. हे खरे आहे आणि मला मान्य आहे. पण दूर हवा याचा अर्थ नको असा होत नाही. मधे एक भिंत घालावी, मुताची नाली काढावी, फरशी उताराची करावी. दुसरा आक्षेप माझ्या मैत्रिणींचा आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या म्हणतात, “तुला गोठ्याचे एवढे कौतुक, पण शेण कोण काढते? पहाटे उठून आई काढते, नाही तर मुलगी.” हे अगदी खरे! माझ्याही हाताला तो वास आहे. मुलगे शाळेत जायचे आणि मुलींनी शेणकूर करायचे, यात कसली आली संस्कृती? पण याचे उत्तर गोठा मोडणे हे नसून ते काम घरातील सर्वांनी वाटून घेणे हे आहे. शिवाय गोठ्याचा पैसा हा बाईच्या हातातला पैसा असतो. शेळी विकली, कोंबडी विकली की ते चार पैसे आईच्या गाठीला राहतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. या महाविद्यालयात माझा प्रवेश झाला तेव्हा फी भरली ती दोन बोकडांच्या पैशांतून. बँकेने आईला विचारले असते, ‘तारण काय?’ पडवीने काही विचारले नाही.

तिसरा आक्षेप असा की, जग पुढे गेले आणि आपण गोठ्यात अडकून बसलो. यावर बाहेरच्या जगाकडेच बोट दाखवता येईल. दक्षिण आफ्रिकेतील झुलू लोकांच्या जुन्या वस्तीत झोपड्या वर्तुळात असत आणि मधोमध गुरांचा वाडा असे. त्या वाड्याच्याच जमिनीखाली धान्याची पेवे खणत. म्हणजे तिथे गोठा घराच्या कोपऱ्यात नव्हता, घरेच गोठ्याभोवती होती! जर्मनीसारख्या प्रगत देशात ब्लॅक फॉरेस्ट भागातील जुनी शेतघरे आजही जपली आहेत. एकाच भल्या मोठ्या छपराखाली माणसे, गुरे आणि माळ्यावर गवत. गुरांची ऊब थंडीत घराला मिळे. तिथल्या लोकांनी त्या घरांत वीज आणि पाणी घेतले, पण घरे मागासलेली म्हणून पाडली नाहीत. आमच्या जव्हार-मोखाड्याकडच्या डांगी जनावराच्या कातडीतून तेलकट द्रव सुटतो आणि त्यामुळे ते मुसळधार पावसात तग धरते, असे तज्ज्ञ सांगतात. निसर्गाने गुराला पावसाची तयारी दिली आहे. आपण त्याला फक्त बसायला कोरडी जागा द्यायची आहे.

मग करावे काय? मी काही स्थापत्यशास्त्राची विद्यार्थिनी नाही. पण जे साधे दिसते ते मांडते. पहिली गोष्ट, घरकुलाची आखणी करताना गुरे असलेल्या कुटुंबाचा गोठा आधी कागदावर दाखवावा आणि मग घराची जागा ठरवावी. गोठा मोडणे भागच असेल तर घराचा आणि गोठ्याचा कागद एकाच दिवशी मंजूर व्हावा. दुसरी गोष्ट, ज्याला जागाच नाही त्याच्यासाठी गावाने गुरचरणाच्या कडेला दोन-चार कुटुंबांना मिळून एक गोठा द्यावा. त्यासाठी आधी गुरचरण शिल्लक राहिले पाहिजे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा जो हक्क दिला आहे तो ग्रामसभेने मागून घेतला पाहिजे. तिसरी गोष्ट, जमीन जाणार असेल तिथे गोठा, मांडव, खळे, उकिरडा यांची नोंद पंचनाम्यात यावी. त्याची एक प्रत घरमालकाकडे राहावी.

आणि चौथी गोष्ट आपल्याला, म्हणजे विद्यार्थ्यांना करता येण्यासारखी आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात जाते. आपण रस्ता झाडतो, बंधारा घालतो, पथनाट्य करतो. एका वर्षी एवढेच करू या की, ज्या गावात जाऊ तिथल्या प्रत्येक घराचा नकाशा कागदावर काढू: घर कुठे, गोठा कुठे, तो केवढा, त्यात किती जनावरे, आणि घरकुल आल्यावर गोठ्याचे काय झाले. टेप आणि वही यापलीकडे खर्च नाही. आपल्यापैकी कित्येक जण अशाच घरांतून आले आहेत, त्यामुळे काय विचारायचे हे कोणी शिकवायला नको. ही मोजणी ग्रामसभेपुढे ठेवली तर पुढच्या आखणीच्या वेळी कोणाच्याही गोठ्याला ‘रिकामी जागा’ म्हणता येणार नाही. आमच्या शिक्षणाचा एवढा तरी उपयोग ज्यांनी बोकड विकून आम्हांला शिकवले त्यांना व्हावा. प्राध्यापक मंडळींनी मनावर घेतले तर पुढच्या वर्षीच्या अंकात निदान एका गावाची अशी मोजणी छापता येईल. माझ्या पाड्यापासून सुरुवात करायला मी तयार आहे.